भरताच्या दिवसांतलं वजन

यंदाही बाजारात ती वांगी आली. हिरवी, अंगावर पांढुरके पट्टे, आणि तान्ह्या पोराच्या मांडीसारखी भरलेली. बामणोदकडच्या बायका सावद्याच्या बाजारात पोत्यावर ढीग लावून बसल्या की थंडी पडली असं मी समजतो. येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या कपाळाला आठी पडते. इतकी वर्षं झाली, तरी पडते.

खरं तर त्या वांग्यांनी माझं काहीच वाईट केलेलं नाही. त्यांनीच मला पोसलं. सातवीत शाळा सुटली, पिंपळनेर सुटलं, आणि धुळ्याच्या स्टँडवर गाडी बदलत मी खानदेशाच्या या टोकाला येऊन पडलो. इथे नानांची खानावळ होती, गावाबाहेर केळीचा मळा होता. केळी भरायला येणारे हमाल, ट्रकवाले, व्यापारी जेवायला येत. भांडी घासता घासता भाकरी थापायला शिकलो, आणि एका हिवाळ्यात नानांनी हातात मुसळी दिली. तेव्हापासून भरीत म्हटलं की हिरामण. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी टाकायची, साल काळी होऊन फुटायला लागली की काढायची, मग लाकडाच्या बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची. वर तेलाची फोडणी, त्यात कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. तेल हात आखडून घातलं तर लोक भरताला नाही, भरीत करणाऱ्याला नावं ठेवतात. मला कोणी नावं ठेवली नाहीत. मला सगळे 'पैलवान' म्हणत. आयुष्यात कधी आखाड्यात उतरलो नव्हतो, पण माझ्याएवढा माणूस दिसला की त्याला दुसरं काय म्हणायचं, हा लोकांपुढचा प्रश्न असावा.

एस.टी.डी.चे पिवळे फलक गावात नुकतेच लागायला लागले होते, त्या सुमाराचा तो हिवाळा. बेंबीच्या वर लिंबाएवढी गाठ आली होती. खोकलो की बाहेर, आडवा झालो की आत. पिठाचं पोतं उचलताना एकदा अशी कळ आली की मी पोत्यासकट खाली बसलो. मग जळगाव गाठलं.

डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली आणि विचारलं, "सोबत कोण आलंय?"

"कोणी नाही."

"घरचं कोणी?"

"घर पिंपळनेरला आहे."

"मग इथं कोण आहे तुमचं?"

मी जरा विचार केला आणि म्हणालो, "खानावळ."

ते हसले. मीही हसलो. त्या काळात मी सगळ्याच ठिकाणी हसायचो.

हर्निया होता. ऑपरेशन करावंच लागणार होतं, पण लगेच नाही. त्यांनी मला वजनाच्या काट्यावर उभं केलं तर सुई गरकन फिरून शेवटच्या खिळ्याला टेकली आणि तिथेच थरथरत राहिली. डॉक्टर म्हणाले, "हा काटा एकशेवीसपर्यंतच आहे. तुम्ही एकशे दहाच्या खाली या, मग आपण करू. एवढ्या चरबीत टाके धरत नाहीत, आणि भूल देणारे डॉक्टर तयार होत नाहीत. मध्येच आतडं अडकलं तर मात्र थांबायचं नाही, असाल तसे या. तेव्हा धोका मोठा असेल, हे लक्षात ठेवा." मग तेल बंद, तळलेलं बंद, भात बंद, रोज चाला, गावातल्या एखाद्या मोठ्या काट्यावर वजन करत राहा, आणि सगळ्यात शेवटी, "धीर ठेवा." गोळ्या कुठल्या दुकानात मिळतात हे त्यांनी सांगितलं होतं. धीर कुठे मिळतो ते सांगितलं नाही.

आणि हे सगळं कधी, तर भरताच्या दिवसांत!

ज्यांनी हे दिवस पाहिले नाहीत त्यांना माझी चिडचिड कळणार नाही. या दिवसांत आमच्याकडे कोणी कोणाला घरी जेवायला बोलावत नाही, शेतात बोलावतात. बँकेवाले, शाळेतले मास्तर, वरणगावच्या फॅक्टरीतले लोक, केळीचे व्यापारी, सगळे केळीच्या बागेत सतरंजी टाकून बसतात. धुराचा वास कपड्यांत मुरतो. केळीच्या पानावर भरताचा ढीग, कडेनं तेल सुटलेलं, शेजारी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या गरम पुऱ्या. आणि नानांच्या मळ्यावरची पद्धत अशी, की भरीत करणाऱ्यानं पहिला घास घ्यायचा. त्यानं मान डोलावली की मगच पंगत हात लावणार.

मी म्हणालो, "नाना, यंदा पहिला घास दुसऱ्या कोणाला द्या."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या विहिरीत थुंकलो. "काऊन रे? बिघडलं का भरीत?"

"भरीत चांगलं आहे. डॉक्टरनं सांगितलंय."

"डॉक्टरले काय समजते रे? एका पुरीनं काय होते? खाय ना बाप्पा!"

"पैलवान डाएटिंग करू राह्यला!" कोणीतरी ओरडलं, आणि बागेतले पक्षी उडावेत एवढं हसू झालं. "अरे, हत्ती उपाशी राह्यला म्हणून ससा होते का?" मी हसलो. पहिला घास घेतला. तो एक घास कधीच एक नसतो. मागून नानांनी स्वतःच्या हातानं पुरी वाढली, आणि नाही म्हणायला माझ्याकडे तोंड कुठे होतं, त्या माणसाचं मीठ खाऊनच तर हे अंग वाढलं होतं.

राग मला त्यांच्या टिंगलीचा येत नसे. राग यायचा तो मायेचा. टिंगल करणाऱ्याला दोन शिव्या देता येतात. पुरी वाढणाऱ्याला काय देणार? माझ्यावर जीव असलेला प्रत्येक माणूस त्या हिवाळ्यात ताट घेऊन माझ्या मागे लागला होता, आणि मला आतून ओरडावंसं वाटायचं की अरे, मला भीती वाटते आहे, त्यावर कोणी काही वाढा. पण एवढ्या मोठ्या देहातून "भीती" हा शब्द बाहेर पडला की लोक आणखी हसतील, ही भीती त्याहून मोठी.

वजन करायला मी खानावळीशेजारच्या केळीच्या काट्यावर जायचो. लोखंडी पाट्याचा मोठा काटा. सकाळभर बैलगाड्यांतून केळीचे घड येत, पाट्यावर ठेवले जात, आणि सत्तारभाई आकडा पुकारत. सत्तारभाई तिथले मापाडी. काटकुळा माणूस, गळ्यात रुमाल, आवाज मात्र असा की रस्त्यापलीकडे चहा पिणाऱ्या शेतकऱ्यालाही आपलं वजन ऐकू जावं. घडाचा मधला दांडा कोणी खात नाही, म्हणून त्याचं वजन वजा करून आकडा सांगायचा, ही इथली रीत. ती वजावट ते मनातल्या मनात करत.

पहिल्यांदा मी गेलो तेव्हा गाड्या उभ्या होत्या. सत्तारभाईंना हळूच सांगितलं, पाट्यावर चढलो. आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्या माणसानं मान वर करून आरोळी दिली, "एकसेऽ अठ्ठावीऽस!"

मग कोणीतरी गाडीवरून म्हणालं, "सत्तारभाई, दांडा वजा करा ना!" आणि सगळं आवार हसलं. बैल तेवढे हसले नाहीत.

सत्तारभाईंचं तोंड पडलं. "माफ कर भाई, आदत से निकल गया," म्हणाले. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी मला गाड्या गेल्यावर बोलावलं, आणि आकडा पुकारण्याऐवजी माझ्या कानाशी येऊन सांगू लागले. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर रुमालही धरायचे. एवढा मोठा आवाज असलेला माणूस कुजबुजतो तेव्हा ते फार विचित्र दिसतं. पण खरं सांगतो, त्या आठवड्यांत माझ्याशी कोणी नीट वागत असेल तर तेवढाच एक माणूस वागत होता.

मध्येच एकदा मायला सांगावं म्हणून गावी निघालो. एस.टी.त माझ्या शेजारची अर्धी जागा रिकामी असूनही कोणी बसेना. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, तुमचं दीड तिकीट फाडू का?" हसलो. धुळ्याच्या स्टँडवर साक्रीकडची गाडी लागेपर्यंत बाकावर बसून मनात वाक्यं जुळवत होतो. माय, मला ऑपरेशन सांगितलंय. माय, घाबरू नको. माय, मीच घाबरलोय.

दारात पाऊल टाकलं आणि मायनं दोन्ही हात माझ्या गालांना लावले. "काय रे हिरामन, किती वाळी गया तू! तठे तुले खावाले देतस का नही?"

चार-पाच किलो उतरलं असेल नसेल. सगळ्या जगाला मी हत्ती दिसत होतो, आणि तिला वाळलेला. मग तिनं नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर टाकली, भात केला, वर तूप. समोर बसून ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, घास मोजल्यासारखी. धुळ्याला जुळवलेली वाक्यं मी भाताबरोबर गिळली. परतीच्या गाडीत गाठ दुखत होती आणि मला सगळ्यांचा संताप आला होता. डॉक्टरांचा, नानांचा, मायचा, तुपाचा.

त्यानंतर एक चमत्कार झाला. भरताचे दिवस ऐन भरात, मी अधूनमधून घसरतोय, तरी सत्तारभाईंच्या काट्यावर वजन झरझर उतरू लागलं. कानाशी येऊन ते म्हणायचे, "कमी झालं, पैलवान. बहुत बढिया." मला हुरूप यायचा. मी रात्रीची भाकरी सोडली, कॅनॉलच्या कडेनं फैजपूरच्या दिशेनं चालायला लागलो. आणि एक दिवस ते म्हणाले, "एकसे नौ." मी त्यांना मिठीच मारली. तो माणूस माझ्या मिठीत दिसेनासा झाला. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद का नव्हता, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

जळगावला गेलो. नवा सदरा घातला होता. काट्यावर चढलो. सुई खिळ्याला टेकली नाही, एवढीच काय ती प्रगती. एकशे सतरावर थांबली.

"काटा बरोबर आहे ना हो?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "काटा बरोबर आहे. सोबत कोण आलंय?"

या खेपेला मी हसलो नाही.

सावद्याला उतरलो तो तडक काट्यावर. दुपार होती, गाड्या गेल्या होत्या, सत्तारभाई पाट्यावरचा केळीचा चीक पुसत बसले होते. मी विचारायच्या आधीच ते उभे राहिले. माझं तोंडच सांगत असावं.

"तुम्हीसुद्धा!" मी ओरडलो. "बाकीचे हसले, मी हसलो. तुम्हाला एकट्याला मी खरं मानत होतो!"

"दांडा वजा केला मी," ते खाली पाहत म्हणाले. "सच बोलतो. नानांच्या पार्टीनंतर तू आला, वजन उलटं वाढलेलं. तुझं तोंड असं उतरलं होतं, मला पाहवेना. सोचा, थोडा कमी बोलू, हिंमत येईल, पुढच्या वेळी तू खरंच उतरवशील. मग पुढच्या वेळी परत..."

"मी काय केळीचा घड आहे?"

"नाही रे भाई."

"माझं पोट फाडणार आहेत ते! मी झोपलो आणि उठलोच नाही तर? इथे कोण आहे माझं? मायला कोण सांगेल? तुम्ही?"

हे सगळं मी ओरडून बोललो होतो. काय बोललो ते मलाच नंतर ऐकू आलं. मी पाट्यावरच बसलो. शेजारी सत्तारभाई बसले. त्यांनी धीर वगैरे काही दिला नाही. ते म्हणाले, "एवढं डरतोस, तर बोलला का नाही? तू तर हसत होतास."

"हसू नको तर काय करू?"

"माझ्याजवळ नको हसू," ते म्हणाले. मग रुमालाशी चाळा करत पुटपुटले, "मला तर साध्या सुईची भीती वाटते. दवाखान्याच्या वासानंच चक्कर येते मला."

यात शहाणपणाचं काही नव्हतं. पण त्या हिवाळ्यात मला पहिल्यांदा पोटभर काही मिळालं असेल तर ते हे. राग लगेच गेला असं नाही. मी दोन आठवडे त्यांच्याशी धड बोललो नाही. ते मात्र संध्याकाळी कॅनॉलवर माझ्या मागे चालत येत. मी थांबलो की थांबत. शेवटी मीच म्हणालो, "मागे काय चालताय कुत्र्यासारखे, बरोबर चला." तेव्हापासून बरोबर चालू लागलो. चालताना मी काय काय बोलायचो! भूल दिल्यावर माणूस कुठे जातो, टाके तुटले तर, मायला एकटीला कोण बघेल. ते नुसतं "हां" म्हणायचे. आणि काट्यावर खरा आकडा. वाढला तरी खरा. तेव्हा वाईट वाटायचं, पण वाईट वाटायला कोणीतरी शेजारी असायचं.

नानांच्या मळ्यावर मी पहिला घास सत्तारभाईंना द्यायला लावला. नाना पुन्हा चिडले. सत्तारभाई घास घेऊन मान डोलावत म्हणाले, "नाना, पैलवानाला पुरी वाढायची तर आधी मला वाढा." नानांनी वाढली. मग दुसरी. मग तिसरी. चौथीला नाना म्हणाले, "अबे, हा लाकूड कुठी ठेवते एवढं?" लोक हसले, आणि त्या हसण्यात मी विसरला गेलो. केवढं सुख होतं ते.

बाजारातली वांगी जून व्हायला लागली, बियांनी भरली, कडवट लागू लागली. भरताच्या पार्ट्या ओसरल्या. एका सुट्टीच्या दिवशी सत्तारभाई कुठे दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं ते स्टँडवर उतरले आणि त्यांच्या मागून डोक्यावर गाठोडं घेऊन माझी माय. हा माणूस, ज्यानं कधी धुळ्याचा स्टँड पाहिला नव्हता, तो विचारत विचारत पिंपळनेरला जाऊन आला होता. पहिल्यांदा मला त्यांचा रागच आला. मायनं तेवढाही वेळ दिला नाही. भर स्टँडवर तिनं माझ्या दंडावर चापट मारली. "माले काबर नही सांगं रे? मी मरी गयी व्हती का?" आणि मग त्याच दंडाला धरून, हळू, "घाबरू नको. मी शे ना."

जळगावला निघायच्या आधी काट्यावर गेलो. गाड्या उभ्या होत्या, माणसं होती. मी सत्तारभाईंना म्हणालो, "कानात नको. पुकारा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सुईकडे. मग मान वर करून, अख्ख्या आवारानं ऐकावं असं, "एकसेऽ आऽठ!" आणि पुढे स्वतःहून जोडलं, "दांड्यासकट!" गाडीवरचे लोक पुन्हा हसले. मीही हसलो. ते हसू माझं होतं.

दवाखान्यात कपडे बदलून मला आत नेताना नर्सबाईंनी विचारलं, "सोबत कोण?" बाकावरून दोघंही एकदम उठले. एक मांडीवर भाकरीचं गाठोडं धरून, दुसरा नाकाला रुमाल लावून, कारण दवाखान्याच्या वासानं त्याला खरंच गरगरत होतं. "एकजण पुरे," नर्सबाई म्हणाल्या. कोणी बसलं नाही. मला तेव्हाही भीती वाटतच होती. तोंडाशी मास्क आणला तेव्हा मी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं, "मला फार भीती वाटते." ते म्हणाले, "वाटणारच." इतकं सोपं होतं ते.

टाके धरले. माय पुढे महिनाभर राहिली आणि नानांशी भांडून त्यांच्या खानावळीत नागली चालू करून गेली. वजन नंतर वाढलं, उतरलं, परत वाढलं. हे काही कायमचं मिटणारं भांडण नाही. अजूनही हिवाळा आला की लोक बोलावतात, एका पुरीनं काय होतं म्हणतात, आणि मी चिडतो. चिडता येतं, हेही मी त्याच हिवाळ्यात शिकलो.

सत्तारभाई आता काट्यावर जात नाहीत. गुडघे गेले, आवाज मात्र तसाच आहे. यंदाची पहिली वांगी भाजली की त्यांचा डबा घेऊन जातो. झाकण काढायच्या आधी ते मला वरपासून खालपर्यंत पाहतात आणि दरसालचा प्रश्न विचारतात, "पैलवान, कितना?"

मी आकडा सांगतो. दांड्यासकट.